शपथ आणि सोबत : व्यसनमुक्तीच्या इतिहासातील काही पाने

ज्ञातिसंस्थांचे जुने अहवाल चाळणाऱ्यास एक ठराव हटकून आढळतो. मद्यपानाने ज्ञातीची हानी होत आहे, सबब प्रत्येक ज्ञातिबांधवाने त्याचा त्याग करावा, अशा आशयाचा हा ठराव बहुधा एकमताने संमत होतो, टाळ्या पडतात, आणि दोन-चार वर्षांनी तोच ठराव, किंचित निराळ्या शब्दांत, पुन्हा मांडावा लागतो. ठराव मांडणाऱ्यांच्या तळमळीविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु त्या अहवालांत एक गोष्ट कोठेही सापडत नाही. ज्या कोणा एखाद्याने तो ठराव मनावर घेऊन खरोखरच बाटली टाकली, त्याचे पुढे काय झाले? पहिल्या महिन्यात त्याच्या शेजारी कोण बसले? सणावाराला त्याला कोणी सांभाळले? या प्रश्नांवर अहवाल मूक आहेत. प्रस्तुत लेखात आम्ही नेमक्या याच प्रश्नाचा मागोवा घेणार आहो. निरनिराळ्या काळांत व देशांत धर्मश्रद्धेने एकत्र आलेल्या समाजांनी दारू सोडणाऱ्या माणसास आधार कसा दिला, आणि कोठे तो आधार अपुरा पडला, हे पाहिल्यास आपणांसही काही मार्ग दिसेल, अशी आशा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. दारूविरुद्ध ठराव करणाऱ्या आपल्या समाजांनीच दारूला रूढीचे आसन दिले होते. अनेक ज्ञातींत जन्म, लग्न, मर्तिक अशा प्रत्येक प्रसंगी ती लागे. काही पंचायतींत तर अपराध्याकडून वसूल केलेल्या दंडाचीच दारू पंचमंडळी पीत असत! त्यात इंग्रजी अमलात सरकारी तिजोरीचा हात मिसळला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरोघरची व गावोगावची गाळणी मोडून मक्तेदारांच्या भट्ट्या व गुत्ते उभे केले. आणि जे पेय सणापुरते होते ते रोजच्या विक्रीची वस्तू बनले. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरातील वाढत्या गुत्त्यांविरुद्ध लेखी तक्रार केली होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

रूढीच्या या आसनाला घरातूनच धक्का देणारा पुरुष म्हणून गाडगेबाबांचे नाव घ्यावे लागेल. १८७६ साली जन्मलेल्या डेबूचे वडील झिंगराजी दारूपायीच अकाली गेले. पुढे डेबूच्या घरी मुलीचे बारसे आले, तेव्हा ज्ञातीच्या चालीप्रमाणे आलेले सोयरे मटण व दारूची वाट पाहत बसले. त्यांच्या पानांत गोडधोड पडले. हा प्रसंग बाबांच्या चरित्रांतून सर्वत्र सांगितला जातो, पण आमच्या मते त्याचा खरा अर्थ क्वचितच उलगडला जातो. डेबूने त्या दिवशी कोणास उपदेश केला नाही. त्याने पंगत बदलली. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला भोवतालची पंगत तशीच ठेवून केवळ त्याच्या मनोनिग्रहावर सोडून देणे म्हणजे काय, हे ज्याने बापाचा अंत पाहिला त्यालाच कळणार.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत जुने व सर्वांत परिचित उत्तर म्हणजे वारकऱ्याची माळ. वारकरी संप्रदाय व्यसनमुक्तीसाठी निघाला, असे कोणी म्हणणार नाही. ते म्हणणे त्यास उणेपणा आणणारे होईल. परंतु माळकरी होण्याच्या नियमांत मद्यमांसाचा त्याग आहे, आणि त्यामुळे शतकानुशतके असंख्य कुटुंबांनी 'त्याने माळ घातली' या तीन शब्दांत एका माणसाच्या पुनर्जन्माची हकीकत सांगितली आहे. या व्यवस्थेची रचना पाहण्यासारखी आहे. माळ स्वतःची स्वतः बाजारातून आणून गळ्यात अडकवायची नसते. ती वडीलधाऱ्या वारकऱ्याच्या हातून, चारचौघांसमक्ष घ्यावयाची असते. म्हणजे शपथेला साक्षी मिळतो. त्यानंतर रोजचा हरिपाठ, पंधरवड्याची एकादशी आणि वर्षाची वारी, असे काळाचे तीन चक्राकार बंध माणसाभोवती पडतात. संध्याकाळचा जो प्रहर पूर्वी गुत्त्यावर जात असे, तोच प्रहर आता भजनात जातो; आणि रिकामी संध्याकाळ हीच दारू सोडलेल्या माणसाची सर्वांत मोठी वैरीण असते, हे अनुभवी लोक जाणतात. दिंडीत चालताना कोण कोणाच्या पाया पडेल याचा नेम नसतो. काल गटारात पडलेल्या माणसाच्या पायावर आज कोणी डोके ठेवावे, यातील औषधी गुण कोणत्याही वैद्यकग्रंथात मोजता येणार नाही.

तथापि या व्यवस्थेत एक दुबळा सांधा आहे, तोही सांगितला पाहिजे. माळ घातलेला मनुष्य घसरला तर तो माळ काढून खुंटीला लावतो आणि त्या दिवसापासून भजनी मंडळाचा रस्ताच टाळतो. दोष मंडळाचा असतोच असे नाही; लाज त्यालाच तेथे येऊ देत नाही. ज्या दिवशी त्याला मंडळाची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्याच दिवशी तो मंडळास मुकतो. व्रत जितके पवित्र, तितका भंगाचा आघात मोठा. हा सांधा जगातील सर्व धर्मसमाजांत आढळतो, आणि त्याची दुरुस्ती कोणी कशी केली हाच आमच्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे.

आता थोडे दूर, आयर्लंडात जाऊ. १८३८ च्या एप्रिल महिन्याच्या १० तारखेस कॉर्क शहरात थिओबाल्ड मॅथ्यू नावाच्या कॅपुचिन पंथाच्या कॅथलिक पाद्र्याने संपूर्ण मद्यत्यागाच्या शपथपत्रावर सही केली. त्यास या कामी प्रवृत्त करणारा विल्यम मार्टिन हा क्वेकर पंथाचा होता, ही गोष्ट त्या काळच्या आयर्लंडातील पंथभेद ध्यानात घेता सामान्य नव्हे. पुढील पाच-सहा वर्षांत जे घडले त्याला तोड नाही. माणसे मैलोगणती चालत येत, गुडघे टेकून शपथ घेत आणि शपथेचे पदक गळ्यात बांधून परत जात. शपथ घेणाऱ्यांची संख्या लाखांवरून काही दशलक्षांवर गेली. सरकारी जकातीच्या आकड्यांतूनही देशातील कडक मद्याचा खप निम्म्यावर आल्याचे दिसले. भट्ट्या बंद पडल्या. गावोगावी मद्यत्यागी मंडळींचे वाद्यवृंद व वाचनालये निघाली.

आणि मग? १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला. माणसे मेली, देश सोडून गेली. फादर मॅथ्यू स्वतः अन्नछत्रे चालविण्यात गुंतले. चळवळीच्या खर्चाने ते कर्जात बुडालेलेच होते. १८५६ साली त्यांचा अंत झाला, तेव्हा त्या लाखो शपथांतून फारच थोडे मागे उरले होते. इतिहासकार दुष्काळाकडे बोट दाखवितात, ते खरेच आहे. पण आम्हांस दुसरे कारण अधिक बोधप्रद वाटते. एका दिवसात हजारो लोकांस शपथ देणाऱ्या त्या सत्पुरुषास दुसऱ्या दिवशी त्यांपैकी एकाचीही विचारपूस करणे शक्य नव्हते. कित्येकांची तर अशी समजूत होती की फादरच्या हातातच काही दैवी गुण आहे. म्हणजे शपथ ही माणसामाणसांतील बांधणी न राहता एका थोर व्यक्तीचा प्रसाद झाली. प्रसाद संपला की भूक पुन्हा लागतेच.

हा धडा आयरिश लोकांनी मात्र विसरला नाही. १८९८ साली डब्लिन येथे फादर जेम्स कलन यांनी नवी मद्यत्यागी संस्था काढली, ती मुद्दाम उलट्या रीतीने. झुंडीने शपथा नाहीत. प्रथम उमेदवारीचा काळ, मग सभासदत्व. विशेष म्हणजे ही संस्था मुख्यत्वे न पिणाऱ्यांसाठी होती. जे कधीच वाहवले नव्हते त्यांनी वाहवलेल्यांच्या सोबतीसाठी व त्यांच्याकरिता प्रार्थना म्हणून, स्वतःच्या हक्काचा पेला सोडावयाचा. दारू पिणारा सुधारावा असे वाटत असेल तर न पिणाऱ्याने काय सोडले, असा हा उलटा प्रश्न आहे. आपल्याकडे तो फारसा विचारला जात नाही.

मॅथ्यूची कथा परकी वाटत असेल त्यांनी आपल्याच किनाऱ्यावरची १९२२ सालची एक विलक्षण घटना पाहावी. त्या वर्षाच्या प्रारंभी ठाणे जिल्ह्याच्या पालघर भागातील मच्छीमार कोळ्यांत देवीच्या साथीच्या निमित्ताने देवी अंगात येऊ लागली. ही लाट किनारा सोडून डोंगरांत शिरली, नाशिक, डांग, खानदेशाकडे पसरली आणि वर्षाच्या अखेरीस दक्षिण गुजरातच्या आदिवासी मुलखात पोहोचली. देवीचे नाव सालाबाई असे सांगत. मांडवाखाली हजारोंचे मेळे जमत. ज्याच्या अंगात येई त्याच्या मुखातून आज्ञा निघत : दारू व ताडी सोडा, मांसमच्छी सोडा, रोज स्नान करा, घरदार स्वच्छ ठेवा, दारू विकणाऱ्या पेढीवाल्याकडे मजुरीसही जाऊ नका. ज्या मुलखात ताडी हे अर्धे अन्न होते आणि जमिनी दारूच्या उधारीत गेल्या होत्या, तेथे गुत्ते ओस पडले.

शिक्षित लोकांनी या प्रकारास वेडगळपणा म्हटले. आम्ही तसे म्हणणार नाही. कोणी बाहेरचा सुधारक येण्यापूर्वीच या लोकांनी आपल्याच देवतेच्या मुखाने आपल्याच दास्याचे निदान केले होते, आणि ते निदान अचूक होते. पुढे मात्र तेच झाले जे सर्वत्र होते. देवी आली तशी गेली. काही महिन्यांतच लोकांत दोन तट पडले : व्रत पाळीत राहिलेले ते 'वरजेला', आणि जुन्या खाण्यापिण्याकडे परतलेले ते 'सरजेला'. दोन्ही तटांत रोटीव्यवहारापर्यंत दुरावा आला, घराघरांत फूट पडली. व्रत टिकले कोठे, हे पाहू गेल्यास उत्तर एकच मिळते : जेथे देवीनंतर काहीतरी नित्याचे उभे राहिले तेथे. भजनमंडळी, सूतकताई, परिषदा, वेडछीसारख्या ठिकाणचा आश्रम व तेथे जन्म घालविणारे जुगतराम दवे यांच्यासारखे कार्यकर्ते. जेथे केवळ एका रात्रीचा साक्षात्कार होता तेथे पुढील होळीपर्यंतही तो पुरला नाही. पश्चिम खानदेशात १९३८ च्या सुमारास गुलामहाराजांच्या आरतीसाठी भिल्लांचे असेच प्रचंड मेळे जमले व दारू सुटली. महाराजांचे त्याच वर्षी निधन झाले. तरी त्यांचे बंधू रामदासमहाराज यांनी आरतीचा नेम पुढे चालविल्यामुळे त्या चळवळीची धुगधुगी एकदम विझली नाही.

वरजेला व सरजेला या जोडीतील सरजेलांविषयी आम्हांस येथे दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. घसरलेल्यांसाठी एक स्वतंत्र नाव तयार झाले, म्हणजे त्यांच्या परतीची वाट बंद झाली. मनुष्य एकदा पडला तर तो पडलेला असतो. पण त्याला 'पडेल' असे नाव दिले की तो त्या नावाच्या घरात राहावयास जातो. आपल्याकडे 'बेवडा' हा शब्द ज्या सहजतेने माणसाच्या नावाआधी लावला जातो, आणि दारू सुटून दहा वर्षे झाली तरी लावला जातो, त्याचा परिणाम याहून निराळा नाही.

आता या इतिहासातील सर्वांत महत्त्वाच्या प्रकरणाकडे वळू. ते घडले अमेरिकेत, ओहायो प्रांतातील ॲक्रन नावाच्या रबरी टायरांच्या कारखान्यांच्या गावी.

बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील एक हुशार, पण दारूने पुरता धुळीस मिळालेला गृहस्थ. १९३४ च्या नोव्हेंबरात त्याचा एक जुना पिणारा मित्र त्याच्या घरी आला व पेला नाकारून म्हणाला की आपणास धर्माने वाचविले. हा मित्र फ्रँक बुकमन नामक पाद्र्याने स्थापिलेल्या 'ऑक्सफर्ड ग्रुप' या ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागला होता. न्यूयॉर्कमधील कॅल्व्हरी चर्च हे या मंडळीचे केंद्र. तेथील धर्मोपदेशक सॅम्युएल शूमेकर दारूने उद्ध्वस्त झालेल्यांसाठी आश्रयस्थानही चालवीत. आपले दोष दुसऱ्या माणसापाशी मोकळेपणे कबूल करावेत, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करावी, ईश्वरापुढे शरण जावे आणि दुसऱ्यास मदत करावी, अशी त्यांची साधी पद्धत होती. डिसेंबरात विल्सन रुग्णालयात दाखल झाला. तेथे त्यास एक उत्कट आध्यात्मिक अनुभव आला, आणि त्यानंतर त्याने पुन्हा दारूस स्पर्श केला नाही.

इथवरची कथा कोणत्याही संतचरित्रात शोभेल. खरी नवलाई पुढे आहे. १९३५ च्या मे महिन्यात एका व्यवहारात अपयश पदरी घेऊन विल्सन ॲक्रनच्या हॉटेलात एकटाच उभा होता. एका बाजूस मद्यशाळेतून हास्यविनोद ऐकू येत होता. दुसऱ्या बाजूस भिंतीवर गावातील चर्चांची यादी टांगलेली होती. त्याने यादीतील एका धर्मोपदेशकास दूरध्वनी केला आणि मागितले काय? प्रार्थना नव्हे, उपदेशही नव्हे. त्याने एक दुसरा दारुडा मागितला! आपण दुसऱ्या पीडिताशी बोललो नाही तर आज पिऊ, हे त्यास उमगले होते. धर्मोपदेशक वॉल्टर टंक्स यांनी काही नावे दिली. त्यांतून ऑक्सफर्ड ग्रुपच्या श्रीमती हेन्रिएटा सायबरलिंग यांचा पत्ता लागला. आणि १२ मे रोजी त्या बाईंच्या घरी विल्सनची गाठ डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्याशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटेच बसणार होते, ते कित्येक तास बसले. दारूवर त्यांनी पुष्कळ वाचले होते, पुष्कळ ऐकले होते. पण समोरचा मनुष्य त्यांच्याच भाषेत बोलत होता. मध्यंतरी एकदा डॉक्टरांचा तोल गेला. विल्सनने त्यांस सोडले नाही. १० जून १९३५ नंतर डॉक्टरांनी कधी मद्य घेतले नाही, आणि तो दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

या प्रसंगात चर्चने नेमके काय केले, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पाद्र्याने दूरध्वनी उचलला व नावे दिली. एका भाविक बाईने आपल्या घराचे दार उघडले. त्यांनी स्वतः बरे करण्याचा आव आणला नाही. दोन पीडितांची गाठ घालून दिली आणि बाजूला सरले. धर्मसमाजाचे याहून मोठे साहाय्य आमच्या पाहण्यात नाही.

पुढे या मंडळीने ऑक्सफर्ड ग्रुपचाही निरोप घेतला. न्यूयॉर्कच्या मंडळीने १९३७ मध्ये, ॲक्रनच्या मंडळीने १९३९ मध्ये. कारणे सांगण्यासारखी आहेत. ग्रुपची मागणी संपूर्ण प्रामाणिकपणा, संपूर्ण शुद्धता, संपूर्ण निःस्वार्थता व संपूर्ण प्रेम अशी होती. आणि ज्याला आजचा एक दिवस कसाबसा काढावयाचा आहे त्यास 'संपूर्ण' हा शब्द झेपत नाही. ग्रुपला मोठी नावे व प्रसिद्धी हवी असे. यांना निनावी राहणे आवश्यक होते. शिवाय दरवाजा सर्व पंथांसाठी उघडा ठेवावयाचा होता. १९३९ साली त्यांचे पुस्तक छापले गेले त्या वेळी मंडळीतील नास्तिकांच्या आग्रहावरून, ईश्वर म्हणजे ज्याला जसा उमजेल तसा, अशी सवलत बारा पायऱ्यांत घालण्यात आली. निरनिराळ्या दैवतांची व उपासनांची सवय असलेल्या आपल्या लोकांस या सवलतीत नवल वाटणार नाही.

ॲक्रनच्याच सेंट टॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया नावाची एक कृश जोगीण रुग्ण दाखल करून घेण्याच्या कामावर होती. ती मूळची आयर्लंडची, म्हणजे फादर मॅथ्यूच्याच देशाची. त्या काळी दारुड्यास रुग्णालये दारात उभे करीत नसत. १९३९ च्या ऑगस्टात तिने डॉक्टर स्मिथच्या एका रुग्णास दुसऱ्याच आजाराच्या नावाखाली दाखल केले, आणि जागा नव्हती म्हणून फुलदाण्या लावण्याच्या खोलीत त्याची खाट टाकली. हळूहळू तेथे स्वतंत्र कक्ष झाला. रुग्णास व्यसनमुक्त सभासदानेच घेऊन यावयाचे, पाच दिवस वैद्यकीय देखरेखीखाली ठेवावयाचे, आणि त्या पाच दिवसांत दिवसभर व्यसनमुक्त लोकांनीच त्याच्या खाटेशी येऊन आपापल्या हकीकती सांगावयाच्या, अशी रीत पडली. १९५० साली डॉक्टर स्मिथ निवर्तले तोवर सुमारे ५००० रुग्णांची त्यांनी विनामूल्य सेवा केली होती.

घरी निघताना सिस्टर प्रत्येकास एक लहानसे धार्मिक चिन्ह देत असे व एकच अट घालीत असे : पुन्हा प्यावेसे वाटले तर प्रथम हे मला परत आणून द्या, मग प्या. येथे आम्हांस आपली माळ आठवल्यावाचून राहत नाही. माळ खुंटीला लावता येते. खुंटी काही विचारीत नाही. सिस्टरचे चिन्ह माणसाच्या हातात परत द्यावे लागे. पडू पाहणाऱ्यास जी वाट लाजेने बंद होते, तीच वाट तिने अट म्हणून उघडी ठेवली. आमच्या गावोगावच्या भजनी मंडळांत माळ घालणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हीच एक अट पुढे घातली तर संप्रदायाच्या नियमास कोणताही बाध येणार नाही, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

या संघटनेचे काम मुंबईत १९५७ साली सुरू झाले. तिच्या सभा पुष्कळशा चर्चच्या व शाळांच्या खोल्यांतून भरू लागल्या, आणि आज त्या मराठीसह अनेक भाषांत चालतात. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केले व त्यात योगासनांस स्थान दिले. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' उभारले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांची देणगी त्यामागे होती. मुक्तांगण हे धर्मसंस्थेचे काम नव्हे, तरी व्यसनमुक्त झालेल्याने नव्याची सोबत करावी हे तत्त्व तेथेही आहेच. २०२० साली 'कॉक्रेन' या वैद्यकीय पुनरावलोकन संस्थेने अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा या बारा पायऱ्यांकडे माणसास नेणारे उपचार दारूपासून दूर ठेवण्याच्या कामी इतर मान्य उपचारांच्या तोडीचे, आणि दीर्घकाळ संपूर्ण त्याग टिकण्याच्या बाबतीत काहीसे सरसच ठरले. ते सर्वांस लागू पडते असे मात्र नाही.

येथे एक इशारा देणे कर्तव्य समजतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू बंद केल्यास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे, असे प्रकार होऊन प्राणावरही बेतू शकते. अशा वेळी त्यास देवळात कोंडून ठेवणे किंवा अंगाऱ्यावर विसंबणे हा भक्तीचा नव्हे, अज्ञानाचा मार्ग आहे. सिस्टर इग्नेशियाने श्रद्धेची जोड रुग्णालयास दिली होती, रुग्णालय वगळले नव्हते. तसेच दारू सोडविणारे चूर्ण म्हणून भाजीत गुपचूप औषध मिसळण्याची जी जाहिरात होते तिला आमच्या भगिनींनी बळी पडू नये. दारूशी वैर असलेले डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे, पण ते रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. नकळत दिल्यास व वरून दारू पोटात गेल्यास ते घातक ठरू शकते.

भगिनींचा विषय निघालाच आहे. दारुड्याच्या घरातील खरी भागीदार त्याची पत्नी, आणि तिच्या वाट्यास आजवर ज्ञातीने सहनशीलतेच्या स्तुतीपलीकडे काही दिलेले नाही. विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ साली अशा कुटुंबीयांची 'ॲल-ॲनॉन' ही निराळी मंडळी संघटित केली. ज्याला सुधारावयाचे त्याच्यासाठी शंभर हात आणि जिने बारा वर्षे रात्री दारात बसून काढल्या तिच्यासाठी एकही नाही, हा अन्याय तिच्या ध्यानी आला होता. आपल्या महिला शाखेच्या हळदीकुंकवात अशा एखाद्या बाईस दोन शब्द मनमोकळे बोलावयास जागा असेल काय? आम्हांस माहीत आहे की ती आज तेथे येतच नाही.

आपल्या घरांकडे पाहिले तर चित्र असे आहे. केंद्रातून तीन-चार महिन्यांनी बरा होऊन आलेला तरुण लग्नाच्या हळदीस येतो. मांडवामागे जी व्यवस्था असते ती सर्वांस ठाऊक असते, आणि ती वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत असते. कोणी मामा, कोणी चुलतभाऊ प्रेमानेच म्हणतो, आजच्या दिवस घे, एका घोटाने काय होते? या मामाने ज्ञातिसभेत दारूबंदीच्या ठरावास हात वर केलेला असतो. दुसऱ्या घरी, बापाची दारू सुटून पाच वर्षे झालेली असतात, आणि मुलीच्या स्थळाची चौकशी करणारे त्या पाच वर्षांची नव्हे, त्यापूर्वीच्या पंधरांची करतात. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर दुकाने बंद झाली व हातभट्ट्या उघडल्या, हा अनुभव जुन्या पिढीने घेतलेला आहे. कायदा बाटली काढून घेईल. मांडवामागचा मामा कायद्याच्या कक्षेत येत नाही. तो फक्त आपल्याच कक्षेत येतो.

म्हणून ज्या ज्ञातिसंस्थांकडे स्वतःचे मंदिर वा सभागृह आहे त्यांच्यापुढे आम्ही एक छोटीशी सूचना ठेवतो. आठवड्यातून एक संध्याकाळ, दीड तास, मागल्या बाजूची एक खोली अशा मंडळीस द्यावी. तेथे कोणत्या ज्ञातीचा मनुष्य येतो हे विचारू नये. या मंडळींत आडनाव सांगण्याची पद्धत नाही, आणि आमच्या स्मरणिकेच्या वाचकांस हे थोडे चमत्कारिक वाटले तरी ते तसेच राहू द्यावे. नोंदवही ठेवू नये. उद्घाटन, हारतुरे, छायाचित्र यांपैकी काही करू नये, कारण छायाचित्रात येण्याच्या भयाने पहिल्याच दिवशी निम्मे लोक परत जातील. आणि महिनाअखेरीस ते खोलीचे भाडे घेऊन येतील. बाहेरून मदत न घेता स्वतःच्या वर्गणीवर चालण्याचा त्यांचा नियम आहे. आपल्या कार्यवाहांनी औदार्याने ते नाकारू नये. रक्कम कितीही लहान असली तरी घ्यावी, आणि पावती द्यावी.